हिशेबात कोण कोण आहे?

आजचं वाचन: लूक १२:१३-२१
सोबत वाचा: लेवीय १९:९-१०, नीतिसूत्रे ३०:७-९, मत्तय ६:१९-२४, १ तीमथ्य ६:६-१९



महिन्याची पहिली तारीख जवळ आली की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात एकच विषय असतो. पगार कधी जमा होणार, ईएमआय किती जाणार, घरी किती पाठवायचे आणि उरणार किती. म्हणून आज पैशाबद्दलचाच एक उतारा घेऊ या. हा उतारा आपण लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेला आहे. मूर्ख श्रीमंताची गोष्ट म्हणून तो सगळ्यांना पाठ असतो. पण पाठ असल्यामुळेच आपण तो नीट वाचत नाही, असं मला वाटतं. आधी बायबल उघडा, नऊच वचनं आहेत, शांतपणे वाचा आणि मग पुढे या.

गोष्ट सुरू होते वाटणीपासून

हा दाखला येशूने सहज म्हणून सांगितलेला नाही. गर्दीतून एक माणूस पुढे येतो आणि म्हणतो की गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वडिलांच्या मालमत्तेत मला वाटा दे म्हणून. म्हणजे प्रसंग आहे भाऊबंदकीचा. मी भोकरचा आहे. आमच्या नांदेड-लातूर भागात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावर नाव, बांधावरून भांडण, विहिरीच्या पाण्याची पाळी, घराच्या मधोमध घातलेली भिंत. ज्या भावांनी एका ताटात भाकरी खाल्ली, ते वाटणीनंतर एकमेकांच्या लेकरांच्या लग्नाला जात नाहीत.

येशू त्या माणसाला म्हणतो की मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि लगेच सगळ्यांना सावध करतो की लोभापासून जपा, कारण कुणाकडे कितीही असलं तरी त्याचं जीवन त्या मालमत्तेतून येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण या वचनाचा गैरवापर होतो. कुणी हक्क मागितला की घरातले मोठे म्हणतात, बघ, येशूनेसुद्धा वाटणीत पडायला नकार दिला, तू कशाला लोभ करतोस? पण येशूने अन्याय करणाऱ्या भावाची बाजू घेतलेली नाही. पवित्र शास्त्रात गणना २७ मध्ये सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून वडिलांचा वाटा मागतात आणि देव म्हणतो की त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आपल्या देशात ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातही मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. तरी बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेताना आपण कुणी थांबत नाही. "माहेर तुटेल" या भीतीने ती सही करते आणि आपण त्याला तिचं प्रेम म्हणतो. लोभ फक्त मागणाऱ्याकडे असतो असं नाही. न देणाऱ्याकडे तो जास्त शांतपणे बसलेला असतो. येशूचा इशारा दोन्ही भावांना आहे, म्हणूनच तो गर्दीकडे वळून सगळ्यांशी बोलतो.

त्या शेतकऱ्याचं चुकलं कुठे?

आता दाखला. एका श्रीमंत माणसाच्या जमिनीला भरपूर पीक आलं. ठेवायला जागा पुरेना. त्याने ठरवलं की जुनी कोठारं पाडायची, मोठी बांधायची, सगळं धान्य आणि माल तिथे भरायचा, आणि मग स्वतःच्या जिवाला सांगायचं की आता पुष्कळ वर्षांची सोय झाली, आराम कर, खा, पी, मजा कर. देव त्याला मूर्ख म्हणतो. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो.

याचं चुकलं काय? चोरी केली नाही. कुणाला फसवलं असं लिहिलेलं नाही. मापात पाप नाही. मेहनती असावा, नाहीतर इतकं पीक कसं येईल? साठवणं हे पाप म्हणावं तर उत्पत्ती ४१ मध्ये योसेफाने सात वर्षं धान्य साठवलं, आणि ते देवाच्या योजनेतच होतं. मुंगीकडे जाऊन शीक असं नीतिसूत्रे ६ मध्ये आळशाला सांगितलं आहे, ते साठवणुकीचंच कौतुक आहे. म्हणजे तुमची एसआयपी, पीएफ, आरोग्य विमा यांवर येशू इथे बोट ठेवत नाहीये. उलट आईवडिलांचं वय वाढत असताना विमा न काढणं याला विश्वास म्हणता येणार नाही.

मग काय? त्याचं बोलणं पुन्हा ऐका. तो कुणाशी बोलतोय? स्वतःशीच. मी काय करू, माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. तीन वचनांच्या त्या स्वगतात "मी" आणि "माझं" यांशिवाय कुणी नाही. बायको नाही, लेकरं नाहीत, ज्यांनी कापणी केली ते मजूर नाहीत, शेजारी नाही. देव तर नाहीच. इतकं पीक आलं आणि "देवा, आभार" एवढे दोन शब्दही नाहीत. खरं तर दाखल्याचं पहिलंच वाक्य सांगतं की पीक जमिनीला आलं. पाऊस त्याने पाडला नव्हता. आमच्याकडे जूनमध्ये पेरणी करून आभाळाकडे बघत बसलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पिकात माणसाच्या हातात किती असतं ते.

योसेफाची कोठारं आणि या माणसाची कोठारं यांत फरक आकाराचा नाही. योसेफाच्या हिशेबात अख्खा मिसर देश होता, पुढे त्याला विकणारे भाऊसुद्धा आले. या माणसाच्या हिशेबात एकच नाव होतं.

आजच्या मननाचा मुद्दा हाच आहे. पैसा आपल्या योग्य जागी आहे की नाही, हे रकमेवरून कळत नाही. माझ्या हिशेबात माझ्याशिवाय आणखी कोण कोण आहे, यावरून ते कळतं.

उसना जीव

विसाव्या वचनात एक बारीक गोष्ट आहे. "तुझा जीव मागितला जाईल" या अर्थाने मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद वापरलंय, ते दिलेली वस्तू परत मागण्यासाठी, उसने दिलेले वसूल करण्यासाठी वापरलं जातं. म्हणजे तो ज्याला "माझा जीव" म्हणत होता, तोही हातउसनाच होता. देणाऱ्याने परत मागितला, इतकंच.

आमच्या गावाकडे उसनवारीचा एक न बोललेला नियम असतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती वाटी आपली होत नाही. उसनी वस्तू आपण जपून वापरतो आणि मालकाचं नाव विसरत नाही. बायबलमधला "कारभारी" हा शब्द हेच सांगतो. कारभाऱ्याकडे चाव्या असतात, व्यवहार असतो, निर्णयही असतो, फक्त मालकी नसते.

मजूर आणि सरवा

त्या स्वगतात जे लोक नाहीत, त्यांची आठवण शास्त्र वारंवार करून देतं. याकोब ५:४ मध्ये लिहिलंय की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत पोचते. लेवीय १९ मध्ये आज्ञा आहे की शेताच्या कडा पूर्ण कापू नका, पडलेली कणसं वेचून घेऊ नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. आपल्या मराठी बायबलमध्ये यासाठी शब्द आहे सरवा. रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचायला गेली.

हा शब्द आमच्याकडे आजही जिवंत आहे. सोयाबीन निघालं की रानात बाया सरवा वेचताना दिसतात. मालकाच्या दृष्टीने ते पडलेले दाणे असतात, वेचणारीच्या घरात त्यातून काहीतरी शिजतं. आणि लक्षात घ्या, देवाची आज्ञा "उरलं तर द्या" अशी नव्हती. कापायला सुरुवात करतानाच कडा सोडायच्या होत्या. सरवा हा उरलेला भाग नाही, तो आधीच ठरवून सोडलेला भाग आहे.

आपण शेतात काम करत नाही, लॅपटॉपवर करतो. पण पगारालाही बांध असतो. प्रश्न असा की आपण पगार बांधापर्यंत कापतो की कडा सोडतो? पगार वाढला की घर मोठं, गाडी मोठी, फोन नवा. म्हणजे कोठार पाडून मोठं बांधणं हेच आपण दर अप्रेझलनंतर करत असतो, फक्त त्याला "लाइफस्टाइल" म्हणतो. कडेला दाणाच पडत नाही, मग वेचणारी येणार कुठे?

आणि हिशेबात नसलेल्या मजुराचं नाव आपल्या घरातही असतं. धुणीभांडी करणाऱ्या मावशी चार दिवस आजारी पडल्या तर आपण पैसे कापतो का? आपल्याला मात्र सिक लीव्ह भरपगारी मिळते.

केडगावच्या फळबागा

आता आपल्या मातीतली दोन माणसं घेऊ या, कारण ही शिकवण गालीलातच राहिली नाही, महाराष्ट्रातही जगली गेली.

नांदेडहून पुण्याला येणारी रेल्वे दौंड सोडल्यावर केडगाव स्टेशनावरून जाते. आपल्यापैकी कित्येक जण तिथून झोपेत जातात. त्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी (१८५८-१९२२) तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. खर्चाची जबाबदारी बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी घेतली होती.

दहा वर्षांची हमी म्हणजे त्या श्रीमंत शेतकऱ्याची "पुष्कळ वर्षांची सोय" झाली ना? रमाबाईंनी आराम केला नाही. त्यांनी केडगावला जमीन घेतली. विचार असा होता की तिथे फळबाग लावावी आणि पुढे सदनाला स्वतःच्या उत्पन्नाचा आधार व्हावा. म्हणजे दूरदृष्टी होती, नियोजन होतं. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि बाया आणल्या, शेकडोंनी. बागेसाठी घेतलेल्या जागेवर आता माणसं राहू लागली. १९०० च्या सुमारास ही संख्या हजारावर गेली. त्यांच्यासाठी शेती, विणकाम, दूधदुभतं, छापखाना अशी कामं उभी राहिली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्याच छापखान्यात बायांच्या हातांनी छापलं गेलं.

रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचलं होतं. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांचा सांभाळ माणसांकडे हात न पसरता, प्रार्थनेवर विसंबून करणारा हा माणूस. रमाबाईंनीही तोच मार्ग धरला. पण प्रार्थनेवर विसंबणं म्हणजे त्यांच्यासाठी बेफिकिरी नव्हती. जमीन घेतली, विहिरी खणल्या, काम शिकवलं. कोठार होतंच, फक्त त्याचं दार आत येणाऱ्यांसाठी उघडं होतं. मालमत्ता आणि माणूस यांत निवडायची वेळ आली तेव्हा बागेचा हिशेब मागे पडला.

टिळकांचं घर

दुसरं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९). १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना पुढे जाववेना. मत्तय ५ ते ७. आपल्या आजच्या सोबतच्या वाचनातलं मत्तय ६ त्यातच आहे: पृथ्वीवर धन साठवू नका, दोन धन्यांची चाकरी होत नाही. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यापायी घरदार, जात, नातीगोती सगळं सुटलं. पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी बरीच वर्षं काम केलं. १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी त्यांनी सोडून दिली आणि "देवाचा दरबार" सुरू केला. वय पंचावन्नच्या आसपास. ज्या वयात आपण रिटायरमेंटचा आकडा काढतो, त्या वयात.

टिळकांच्या हाताला पैसा चिकटत नसे. कुणी गरजू दिसला की दिलं. हे ऐकायला फार छान वाटतं. पण हे आपल्याला कळलं कसं? मुख्यतः लक्ष्मीबाई टिळकांच्या "स्मृतिचित्रे"मधून. आणि तिथे दुसरी बाजूही दिसते. देणारा देऊन मोकळा होई, आणि घरात चूल कशी पेटवायची हे लक्ष्मीबाईंना बघावं लागे. त्यांनी हे सगळं हसत, नवऱ्यावर माया ठेवून लिहिलंय, तक्रार म्हणून नाही. तरीही वाचणाऱ्याच्या लक्षात येतं की एकाच्या उदारपणाची किंमत दुसऱ्याने मोजली.

मी टिळकांना दोष द्यायला हे लिहीत नाही. आपली ती पात्रता नाही. पण १ तीमथ्य ५:८ मध्ये पौल आपल्या घरच्यांची तरतूद करण्याबद्दल किती कडक बोलतो ते बघा. हिशेबात सगळं जग आहे आणि शेजारी बसलेली बायको नाही, असंही होऊ शकतं. श्रीमंत शेतकरी एका टोकाला चुकला, आणि मंडळीतले, संस्थेतले, मित्रांतले "मोठ्या मनाचे" लोक कधी कधी दुसऱ्या टोकाला चुकतात. दान द्यायच्या आधी घरातल्या माणसाला विचारलं का? नवराबायको दोघांनी मिळून ठरवलेलं दान लहान असलं तरी घरात शांती ठेवतं.

नोकर की मालक

मत्तय ६:२४ मध्ये येशू धनासाठी "मामोन" हा अरामी शब्द वापरतो आणि त्याला देवासमोर दुसरा धनी म्हणून उभा करतो. हे विचित्र आहे. देवाला पर्याय म्हणून तो सैतानाचं नाव घेत नाही, रोमच्या सम्राटाचंही नाही. पैशाचं घेतो. कारण पैसा देवासारखीच वचनं देतो: मी आहे ना, घाबरू नकोस, उद्याची काळजी करू नकोस.

इथे आमच्या भागातले वाचक म्हणतील की दादा, कोठार मोठं बांधायची वेळ कुणावर आलीये? २०२४-२५ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मोंढ्यात त्याच्या खालच्या भावाने माल घालणारे शेतकरी कमी नव्हते. बरोबर आहे. म्हणूनच येशू दाखला संपवून लगेच, बाविसाव्या वचनापासून, काळजीबद्दल बोलतो. आणि उदाहरण कुणाचं? कावळ्यांचं. त्यांना कोठार नाही, तरी देव त्यांना खाऊ घालतो. कोठाराचा शब्द मुद्दाम परत आलाय. ज्याच्याकडे जास्त आहे तो पैशाचा विचार करत झोपतो, ज्याच्याकडे कमी आहे तोही पैशाचाच विचार करत जागा राहतो. दोघांच्या उशाशी धनी एकच. प्रभू दोघांनाही सोडवायला आलाय.

म्हणून सोपा मार्ग दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. दोन मार्ग आपल्या पिढीत फार चालतात.

पहिला, शेअर बाजारातलं फ्युचर्स-ऑप्शन्स. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. नीतिसूत्रे १३:११ मध्ये झटपट मिळवलेल्या आणि थोडं थोडं जमवलेल्या धनाबद्दल जे म्हटलंय, ते या आकड्यांसोबत वाचा.

दुसरा मार्ग त्याहून वाईट, कारण तो देवाच्या नावाने येतो. देवाला शंभर द्या, तो हजार करून देईल. भावांनो आणि बहिणींनो, हा विश्वास नाही, ही भिशी आहे. मार्क १२ मध्ये विधवेने दोन नाणी टाकली ती परताव्यासाठी नाही. आणि त्याच्या दोनच वचनं आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना काय म्हणतो तेही वाचा. दशांश जरूर द्या, आनंदाने द्या, पण देवाला व्याजावर पैसे लावू नका.

या आठवड्यात काय करायचं?

प्रोग्राम बिघडला की आपण आधी लॉग उघडतो. स्क्रीनवर काय दिसतंय यापेक्षा आत खरोखर काय घडलं ते तिथे कळतं. आपलं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास हा आपल्या मनाचा लॉग आहे. लूक १२:३४ हेच सांगतं: जिथे धन, तिथे मन. म्हणून या आठवड्यात हे करून बघा.

१. मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट उघडा. प्रत्येक खर्चापुढे लिहा की हा कुणासाठी होता. स्वतःसाठी, घरच्यांसाठी, मंडळीसाठी, गरजूसाठी. कोणतं नाव एकदाही आलं नाही ते बघा. अपराधी वाटून घेण्यासाठी नाही, फक्त खरं बघण्यासाठी.

२. पुढच्या पगारातून सरवा आधी बाजूला काढा. रक्कम कितीही छोटी चालेल. ती मंडळीच्या दशांशापेक्षा वेगळी ठेवा, एखाद्या ओळखीच्या गरजेसाठी: कुणाची फी, कुणाचं औषध. आणि दिल्यावर फोटो टाकू नका. मत्तय ६:३ लक्षात आहे ना?

३. गावी पैसे पाठवताना नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. फोन करा. आईबाबांना पैशाआधी आवाज हवा असतो. आणि जमत नसेल त्या महिन्यात "या वेळी जमणार नाही" असं प्रेमाने, स्पष्ट सांगा. दिखाव्यासाठी कर्ज काढून पाठवणं हे पाचव्या आज्ञेचं पालन नाही.

४. घरात वाटणीचा विषय अडकलेला असेल, तर वकिलाच्या आधी भावाला किंवा बहिणीला भेटा. बहिणीच्या सहीचा प्रश्न असेल तर तिला एकटीला विचारा की तुला खरंच काय हवंय, आणि तिचं उत्तर ऐकायची तयारी ठेवून जा.

५. कर्जात बुडत असाल, ॲपचे रिकव्हरी कॉल येत असतील, तर लपवू नका. पाळकसाहेबांना, विश्वासू वडीलधाऱ्यांना सांगा. लाज वाटते, मान्य. पण एकट्याचा हिशेब हाच तर त्या श्रीमंताचा घात होता. गरिबालाही तो तसाच घातक आहे.

पुरेल एवढं

शेवटी नीतिसूत्रे ३० मधल्या आगूरकडे जाऊ या. त्याची प्रार्थना मला फार आवडते, कारण अशी प्रार्थना आपण सहसा करत नाही. तो देवाला म्हणतो की मला गरिबी देऊ नको आणि श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याची भाकर दे. कारण जास्त झालं तर मी देवाला विसरेन, आणि फार कमी पडलं तर चोरी करून त्याचं नाव बदनाम करेन. आगूरला स्वतःची ओळख आहे. आपला तोल कुठे जातो हे त्याला माहीत आहे, आणि त्याला पैशापेक्षा देवाशी असलेलं नातं गमावण्याची भीती जास्त आहे. "पगारवाढ दे" अशी प्रार्थना करणं चूक नाही. पण त्यासोबत "आणि ती मला झेपू दे" हेही मागू या.

१ तीमथ्य ६ मध्ये पौलसुद्धा श्रीमंतांना श्रीमंती सोडायला सांगत नाही. गर्व करू नका, बेभरवशाच्या धनावर आशा ठेवू नका, उदार व्हा, वाटून घ्या, असं सांगतो. आणि मधेच एक सुंदर गोष्ट म्हणतो की देव आपल्याला सर्व काही उपभोगासाठी भरपूर देतो. म्हणजे सणाला नवे कपडे, लेकरांना आइस्क्रीम, बायकोसोबत एक सिनेमा, हे सगळं अपराधी न वाटता, आभार मानून घ्यायचं आहे. त्या शेतकऱ्याचं खाणंपिणं चूक नव्हतं. ताटावर तो एकटाच बसला होता, ही चूक होती.

प्रार्थना

प्रभू येशू, तू श्रीमंत असून आमच्यासाठी गरीब झालास. जे आमच्या हातात आहे ते तुझं आहे, आणि जीवही तुझाच उसना आहे. आमच्या हिशेबात तू पहिला राहा. ज्यांची नावं आम्ही विसरलो, घरातली, शेतातली, ऑफिसातली, त्यांची आठवण आम्हाला करून दे. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्यांच्या रानात या वर्षी पीक आलं नाही, ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांना आजची भाकर दे, आणि ती पोचवायला आम्हाला वापर. ज्या घरांत भाऊ-बहीण बोलत नाहीत, तिथे पहिलं पाऊल टाकण्याचं बळ दे. तुझ्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: लूक १२:२२-३४. कावळ्यांचं आणि रानफुलांचं पुढे वाचू या.